पाव आटा

वाडी नाक्याच्या मागे, वजनकाट्याला लागून
माझं दुकान. दहा बाय बारा.
मधोमध टेस्ट बेंच, त्यावर सहा काचेच्या नळ्या,
आतलं डिझेल फिक्क्या चहासारखं.
मे महिन्यात इथं पाना उघड्या हातानं उचलवत नाही.
कूलर माणसांसाठी नाही, बेंचसाठी लावलाय:
डिझेल तापलं की मोजमाप खोटं बोलतं.

धनपाल मडावी आला तेव्हा दुपारचे तीन.
ओला दुपट्टा डोक्याला गुंडाळलेला.
"भाऊ, कुरईच्या घाटात गाडी रडते.
बुटीबोरीचं लोखंड भरलं का चढतच नाही.
कालची पोरं कट मारून जातात.
थोडा दम भरून दे. मालकाले सांगू नको."

पंप उतरवला. रॉकेलनं धुतला.
कंपनीचं शिशाचं सील, तारेत ओवलेलं,
पंधरा वर्षं कुणी न छेडलेलं.
ते तोडताना मला दरवेळी
लहान पोराच्या पायातला काळा दोरा कापल्यासारखं वाटतं.

सहा प्लंजर, सहा तोंडं.
पंगतीत वाढप्याचा हात
कुणासाठी जड होऊ नये, तसं वाढायचं.
चौथा उधळ्या निघाला, दोन सीसी जास्त टाकायचा.
त्याचा कान पिळला.
मग नॉझल. दाबावर धरलं तर
धार कसली, नुसती लाळ.
शिम घातली, आणि धुकं झालं.
त्या धुक्याखाली हात धरायचा नसतो.
ते कातडीत शिरतं.
माझ्या उस्तादाचं बोट तसंच गेलं.

शेवटी तो स्क्रू.
पाव आटा फिरवायचा, बस.
पण पाव म्हणजे किती, हे बोटांना कळायला
माझी अकरा वर्षं गेली.
अर्धा दिला तर गाडी उधळते,
मागचा रस्ता काळा करते,
आणि चढावर पिस्टनचं डोकं
उन्हातल्या गुळासारखं एका कडेनं बसत जातं.
डिझेल कोणीही वाढवील. हवा कुठून आणणार?
हे मी सगळ्या गिऱ्हाइकांना सांगतो.
ते चहा पितात.

रिंग रोडवर धनपालनं तिसऱ्यात दाबली
आणि एकदम हसला,
"अबे, हे माहीच गाडी आहे का?"

दसऱ्याच्या आधी परत आला.
डोळे कुंकवासारखे.
"पिस्टन बसला?"
"नाही. सोन्यासारखी चालते."
"मग?"

खूप वेळ तो नळ्यांकडेच पाहत राहिला.
"मालकानं जीपीएस पाह्यला.
पहिले महिन्याच्या सहा फेऱ्या होत्या, आता आठ.
म्हणते, गाडी पोहचते तं तू काऊन नाही पोहचत?
पहिले मी घाटाखाली, पळसाच्या सावलीत
गाडी थंडी करायले थांबत जाओ.
बिडी पेत जाओ. घरी फोन लावत जाओ.
पोरगी पाढे म्हणून दाखवे.
आता गाडी थांबूच मागत नाही."

मग हळूच, उधारी मागावी तसं:
"तो पाव आटा वापस घे ना भाऊ."

दम भरायचा दर माझ्या पाटीवर आहे.
दम काढायचा नाही.
पंप पुन्हा बेंचवर चढवला. कूलर सुरू केला.
मोजून पाव आटा मागे घेतला,
मग अजून केसभर. का, ते माहीत नाही.
तार ओवली, शिशाचा नवा मणी दाबला.
मालक आलाच विचारत, तर सांगीन,
पंपाचं वय झालं.

नळ्यांत डिझेल चढत गेलं,
सहाही सारख्या, जुन्या खुणेच्या किंचित खाली.
दाखवायला वळलो तर
धनपाल पोत्यावर मान टाकून झोपलेला,
कूलरच्या झोतात, तोंड उघडं.

काम संपलं होतं.
पण बेंच बंद केला असता तर
त्या शांततेनं तो जागा झाला असता.
मी मोटर चालू ठेवली,
आणि नळ्या रिकाम्या करून
पुन्हा भरत बसलो.