झांज

दाभोली नाक्यावर माझं दुकान:
एक शटर, दोन स्टुलं, एक मल्टिमीटर
आणि खारा वारा, जो भाडं न देता राहतो.
तांब्याला हिरवं करतो, स्क्रूंना लाल,
माझा अर्धा धंदा त्याच्याच जिवावर.

रुपाजी मेथर निवतीहून सुमो घेऊन आला,
सेकंडहँड. डिक्कीत खोकं, खोक्यात अ‍ॅम्प्लिफायर,
मागच्या सीटवर बायको, मांडीवर मासळीची रिकामी टोपली.
‘आवाज मोठो व्हयो.’

मी नेहमीचं सांगितलं.
काका, गेन म्हणजे आवाज नव्हे.
टेप जेवढं बोलते तेवढंच ह्यानं ओळखावं,
एवढ्यासाठी ही खिटी.
जास्त पिळली तर आवाज वाढत नाही, फाटतो.
तो हसला. लोक हसतातच.

लाल वायर बॅटरीपासून, वीतभरावर फ्यूज,
ती उजव्या कडेनं.
सिग्नलची डाव्या कडेनं,
भांडलेल्या जावांसारखी, एकमेकींची सावलीसुद्धा नको.
काळी सीटच्या बोल्टखाली, पत्र्याला.
मग स्पीकर सोडवले, बास-ट्रेबल शून्यावर,
आवाज तिसातला तेवीस,
आणि एक हजार हर्ट्झचा सूर लावला,
जो तेव्हा कुणालाच ऐकू येत नाही,
फक्त मीटरवर आकडे चढतात.
सतरा पॉइंट तीन. थांबलो.
माझ्या आयुष्यात एवढी एकच गोष्ट
बरोबर कुठे थांबायचं ते मला माहीत असतं.

स्पीकर जोडले. इंजिन चालू केलं आणि मागून शीळ.
पाय दाबला की चढते, सोडला की उतरते.
रुपाजी म्हणाला, ‘खंयची शीळ? काय नाय ता. पैशे किती?’
बायको म्हणाली, ‘वाजता.’
एकतीस वर्षं ट्रॉलरच्या इंजिनापाशी काढलीत त्यानं.

घेतले असते पैसे. तो खूश होता.
पण मला ऐकू येत होतं ना.
बोल्ट काढला. रंगाखाली रंग, त्याखाली गंज,
पॉलिश पेपरनं घासत बसलो पांढरा पत्रा दिसेपर्यंत.
तास गेला. शीळ मेली.
रुपाजीला फक्त तास गेलेला कळला.

मग त्यानं खिशातून तंबाखूची पिशवी काढली,
पिशवीतून पेन ड्राइव्ह.
गावच्या जत्रेतला धयकालो, कुणीतरी मोबाइलवर घेतलेला.
पेटी आली, मृदंग आला,
संकासुर ओरडला, पोरं किंचाळली.
‘झांज खंय गेली?’

झांज माझ्या दातांत वाजत होती.

ट्रेबल दोन केला. चार. सहा.
मान हलेना. बायकोनं पदर कानाशी नेला.
शेवटी अ‍ॅम्प्लिफायरवरचीही खिटी फिरवली,
मीटर पालथा घातला,
आणि उभ्या जन्मात केलं नाही इतकं वाईट ट्यूनिंग केलं.
रस्त्यापलीकडचा केळीवाला वळून बघू लागला.

तेव्हा रुपाजीनं एक बोट वर केलं.
‘हां. ह्यो.’

झांज ‘ती’ असते.
तो ‘ह्यो’ म्हणाला.

बायको पैसे मोजताना हळूच बोलली:
धाकटा भाऊ त्यांचा. एकाच बावीवर पाणी भरतो आम्ही.
रापणीच्या वाट्यावरून बिनसलं,
सहा वर्षं शब्द नाही.

मी व्हाइटनरनं बटणावर दोन ठिपके दिले:
हा तुमचा, हा वहिनी गाडीत असतील तेव्हाचा.
तो दुसरा ठिपका वापरेल असं वाटत नाही.

परवा नाक्यावर कुणीतरी म्हणालं,
‘त्या मेथराच्या गाडयेक हात कोणी लावल्यान रे?
कान फाटतत.’
चहा होता हातात. एक घोट घेतला.
म्हटलं, मी.