चार शिट्ट्या

राजारामपुरी. खाली टाइल्सचं दुकान, वर हॉल.
ऐंशी खुर्च्या, त्यातल्या अकरा मोडक्या.
तौफिकनं एकच दिवा माझ्यावर सोडलेला
आणि मी म्हणतोय,
"घटस्फोट म्हणजे काय सांगू भावांनो,
तांबडा रस्सा तिच्याकडं, पांढरा माझ्याकडं,
आणि मटण वकिलाकडं."

हशा. हा हमखास येतो.
सुचला तेव्हा कोर्टाच्या बाकावर होतो, बावड्यात.
ती शेजारीच. मला खोकला झालेला
म्हणून पर्समधनं तिनं खडीसाखर काढून दिली.
हे मी स्टेजवर सांगत नाही.
यात हसायचं कुठं, ते अजून सापडलं नाही.

मग कुकर.
"बायको सांगून गेली, तीन शिट्ट्या झाल्या की बंद कर.
मी पुरुषासारखा पुरुष. पहिली मोजली,
दुसरीला मॅच लागली,
तिसरी आमची की शेजारच्यांची, यावरनं
सहा वर्षं संसार—"

"चार."

अंधारातनं. पाचव्या रांगेतनं.
"चार सांगितलेल्या. तूरडाळ होती."

पब्लिक फुटलं. त्यांना वाटलं, माणूस पेरलाय.
तौफिक येडा, त्यानं दुसरा दिवा तिकडं वळवला
आणि वृषाली, कपाळावर आडवा हात धरून,
स्टँडवर भर दुपारी
सांगलीच्या गाडीची पाटी वाचायची, तशी.
तिकीट काढून आलेली. दीडशेचं.
मागं पन्नासच्या रांगा रिकाम्या असताना.

मी म्हणालो, "बघा, हिशेब अजून चालूच."
सोपं होतं. हसले.
ती पण हसली, उशिरा,
पूर्वी हसायची तशीच:
माझा विनोद संपून, जेवणं होऊन,
मी आडवा झाल्यावर
मोरीतनं, भांड्यांच्या आवाजात, एकटीच.

पुढचं पाठांतर. सासू, गाडीची किल्ली, माहेरची छत्री.
बाप्यांना हे कळत नाही, बायकांना ते कळत नाही,
दोन्हीकडनं टाळ्या.
डोक्यात मात्र ती डाळ.
दाताखाली कचकन आलेली,
आणि मी ताट सारून
कोपऱ्यावर जाऊन मिसळ खाल्ली. कांदा जास्त मागून.

जिन्याखाली ती चप्पल शोधत होती.
"बरं होतं," म्हणाली.
"पण ते मटणाचं काढ.
मगदुमांची पोरगी मी, तू उपाध्यांचा,
आपल्यात मटण कधी शिजलं?"
मी म्हणालो, कोल्हापूर आहे, लागतं.
"हं," म्हणाली. त्या 'हं'ची मला
सहा वर्षांची सवय.
मग चप्पल सापडली.

गेल्या रविवारी इचलकरंजी.
मटण तसंच ठेवलंय, पोटाचा प्रश्न.
कुकरपाशी आलो, "तीन शिट्ट्या" म्हणालो
आणि थांबलो.
का थांबलो, ते तौफिकला बरोबर कळलं,
त्यानं न सांगता दुसरा दिवा
पाचव्या रांगेवर टाकला.
तिथं एक आजोबा, टोपी मांडीवर.
दचकून उठलेच.
"मी न्हाई काय बोललो!"

त्या दिवसाचा सगळ्यात मोठा हशा
त्यांना मिळाला.