पावतीच्या पाठीवर

शाहूपुरीच्या अडतीतली गुळाची पावती उलटी करून
जोतीराममामानं पेन्सिलीनं डोंगर काढला.
पाटगावापर्यंत रेघ सरळ :
"हितवर एस्टी. फुडं पाय."
मग रेघ झाडीत शिरली
आणि थरथरली, त्याचा हात हल्ली थरथरतो तशी.

जळवांना मीठ. भाकरी, खर्डा. पाणी तीन लिटर,
"झऱ्याच्या भरवशावर ऱ्हाऊ नगंस."
गवा आडवा आला तर वाट त्याची,
आपण झाडामागं.
दोन वाजता जिथं असशील तिथनं मागं,
माथा दिसत असला तरी.

खड्या चढावर एक फुली.
"हितं काय?"
तो चष्मा पुसत राहिला.
"दगुड हाय. सपाट.
दोघांना पुरतो."

पिशवीत एक पेला होता.
मी दुसरा टाकला.