डिस्पॅच रजिस्टर

अक्कलकोट रोड, शेड नंबर अकरा.
मे महिन्यातली दुपार; पत्रा स्वतःशीच कडकडत होता.
मालकांनी पाहुण्याला माझ्या टेबलाशी बसवलं
आणि स्वतः बँकेत गेले.
"गुंडेटी, जरा बोलत राहा साहेबांशी."

काय बोलणार?
त्याचं इंग्रजी माझ्याइतकंच,
म्हणजे दोघांनाही सोपं गेलं.

एवांद्रो. ब्राझीलचा. टॉवेलचा व्यापारी.
मी म्हटलं, अ‍ॅमेझॉन!
त्यानं दमून मान हलवली.
तिकडं तो कधी गेलाच नव्हता.
त्याचं गाव पार खाली, दक्षिणेला,
तिथंही टॉवेलच विणतात,
थंडीत दारं लावून घेतात,
आजी त्याला जर्मनमधून रागवायची.
"जो तो मला जंगलाचं विचारतो," तो म्हणाला,
"आणि जंगल मी पाहिलं टीव्हीवर.
खरं सांगू? त्याच्याआधी सोलापूर पाहिलं."

मी हसलो. चांगलाच हसलो.
कडक भाकरीवर शेंगाचटणी घालून दिली,
त्याच्या नाकाडोळ्यांतून पाणी आलं
तरी माझं हसू थांबेना.
स्वतःचा देश न पाहिलेला माणूस!

त्यानं डोळे पुसले,
माझं रजिस्टर पुढ्यात ओढलं
आणि एका ओळीवर चटणीचं बोट ठेवलं.
"हे कुठं आलं?"

दिमापूर.
चाळीस गठ्ठे, वर्षातून दोनदा.
बावीस वर्षं हे नाव लिहितोय मी,
काळ्या शाईनं, ब्रशनं, गोणपाटावर.
पिनकोड तोंडपाठ.
पार्टी उधारी ठेवत नाही, हेही माहीत.
पण तिथं सकाळी काय खातात?
आमचा टॉवेल कोणाच्या अंगणात,
कसल्या दोरीवर वाळतो?
"वर आहे," मी म्हणालो, बोट वर करून.
तो बिचारा पत्र्याकडं बघत राहिला.

आणि हे? सिलचर. तेही वरच.
हे? कन्नूर. खाली.
हे?
गडचिरोली.

इथं मात्र मी अडकलो.
हे तर आमच्याच राज्यात.
पाचवीत नकाशा भरताना हिरवा खडू संपला,
ते अर्धंच रंगलं,
आणि माझ्या डोक्यात अजून तसंच आहे,
अर्धं हिरवं, अर्धं कोरं.

घरी तेलुगू, मंडईत कन्नड, हापिसात मराठी;
सोलापुरात जन्मलं की तीन राज्यं फुकट कळतात,
हे माझं ठरलेलं वाक्य. पाहुण्यांसाठी.
त्या दिवशी तोंडात आलं, तसंच गिळलं.
आजोबा ज्या गावचे विणकर,
ते सिरसिल्ल्याच्या पलीकडं, बसनं एका रात्रीवर.
मी गेलो नाही.
त्या गावची कधी ऑर्डरच आली नाही.

आणि नागपुरात, पोरीच्या अ‍ॅडमिशनच्या रांगेत,
एक गृहस्थ म्हणाले होते,
"सोलापूर का? चादरी!"
एवढंच बोलून ते पेपर वाचू लागले,
आणि मी दिवसभर धुमसत होतो.
एवांद्रोच्या मान हलवण्याची आत्ता ओळख पटली.

पाचला मालक आले, त्याला घेऊन गेले.
जाताना त्यानं रजिस्टरच्या कोपऱ्यात
आपल्या गावाचं नाव लिहून दिलं.
मला ते अजून धड वाचता येत नाही.

मग दिमापूरचे गठ्ठे लागले.
पत्ता लिहिला. ब्रशमध्ये शाई उरली होती.
खाली लिहिलं: जेवण झालं का?
मराठीतच लिहिलं.
तिकडं कुठली लिपी चालते,
तेही कुठं ठाऊक होतं.

इरप्पानं गठ्ठा पाठीवर घेताना विचारलं,
"अण्णा, हे खालचं गाव कुठलं?
भाडं वाढवून घ्यायचं काय?"