मधली पिन

टोलेडोत जुलै. बाहेर डांबर वितळतंय,
आत एसीत वेंडेल स्वेटर घालून,
मांडीवर पॉपकॉर्नची बादली.

केपचा रंग चुकलाय.
"अंक एकेचाळीस बघा म्हणावं," तो पुटपुटतो.
पुतणी ओडेसा कोपर मारते.

मग पूल कोसळतो,
अख्खी बस एका तळव्यावर तोललेली.
तेच चित्र, जोडपानावरचं,
जे अकराव्या वर्षी
न्हाव्याच्या दुकानात, केस वाढलेले नसतानाही
जाऊन जाऊन पाहिलं होतं.

वेंडेल गप्प.
नजर शोधतेय
नायकाच्या छातीत, बरोबर मधोमध,
ती गंजलेली स्टेपलची पिन.

नाहीये.
कुणीतरी अलगद काढलीय.
छाती वरखाली होतेय, श्वासाने.

ओडेसा विचारते, "आवडला?"
बादलीच्या तळाशी मीठ चाचपत
तो म्हणतो,
"जांभळाच हवा होता."