झाकण

नेब्रास्कात, बर्फ पडायच्या आधी,
लेलंड कोव्हारिक ई-८५चं पिंप भरून ठेवतो.
थंडीत पंपवाले पेट्रोल वाढवतात:
पाटीवर पंच्याऐंशीच,
नळीत मात्र एकाहत्तर.
पूर्ण बूस्टवर तेवढ्यानेही पिस्टन वितळतो.
एक वितळलेला त्याच्या बाकावर आहे,
स्क्रू ठेवायला.

चार बोटं सोडून भर, तो मुलीला सांगतो.
जास्त हवा उरली की ह्याला तहान लागते,
हवेतलं पाणी ओढत बसतं गुपचूप.
आणि फरशीवर नको, फळीवर ठेव.

टेसा गॅस्केट बसवते,
पान्याने आवळते. पुन्हा आवळते.
वास तिच्या ओळखीचा.
ती सहा वर्षांची असताना
हा वास आधी दारातून आत यायचा,
मग बाबा.
आता अकरा वर्षं झाली.

कुलूप लावून ती विचारते, "किल्ली?"
तो फडक्याला हात पुसतो, बराच वेळ.
बाहेर मक्याची धसकटं, मैलभर.
"राहू दे तुझ्याकडेच."
मग काचेची नळी हलवून
खिडकीच्या उजेडात धरतो,
रेघ ठरेपर्यंत
तसाच उभा.