लाल त्रिकोण

दिंडोरीच्या नाक्यावर माझं औषधांचं दुकान आहे.
माणसांच्या नव्हे, द्राक्षांच्या.
बाटलीवर लाल त्रिकोण असला की गिऱ्हाइकाला सांगतो
(कुटुंबनियोजनाचा नाही हो, हसू नका),
हा सगळ्यात जहाल. मग पिवळा, मग निळा.
हिरवा त्यातल्या त्यात गरीब,
पण जेवणाआधी हात तोही धुवायला लावतो.

बावीस वर्षं मी रंग असेच वाचले.
मे महिन्यात माळावरचा सरडा दगडावर चढून
गळ्याखालची निळी पिशवी फुगवायचा,
तेव्हाही मनात पहिलं आलं ते मोरचूद.

गोदामामागे रुई माजली आहे.
तिची पानं खाऊन पट्ट्यापट्ट्यांची अळी
चिकातलं विष अंगात मुरवते
आणि बिबळ्या कडवा होऊन उडते:
नारिंगी, काळ्या काठाचा, काठावर पांढरे ठिपके.
त्याला कसली घाई नसते.
बुलबुलाच्या चोचीसमोरून जातो
सोसायटीची बाकी नसलेल्या माणसासारखा.
त्याचं लेबल खरं आहे.

छोट्या चांदव्याची मादी मात्र
हुबेहूब त्याचाच छापा अंगावर घेऊन फिरते.
आत काही नाही. घोळाच्या भाजीवर वाढलेली पोर.
डुप्लिकेट माल, मी म्हणायचो.
आमच्या धंद्यात यावर छापा पडतो.

ऑक्टोबर छाटणीला सुरगाण्याची टोळी आली होती.
एका रात्री शटर ओढताना
हिरकण भोये समोर येऊन उभी राहिली.
लुगड्यावर नवऱ्याचा फुल बाह्यांचा शर्ट,
हातात लिटरची रिकामी बाटली.
"बाटली तुमच्याच दुकानची. आता हिच्यात काय आहे, सांगा."

आत साप होता. डोकं ठेचलेलं.
तपकिरी अंग, त्यावर पांढरे आडवे पट्टे.
सोनजीला झोपेत पोटरीला चावला होता.
मागे टोळीतली माणसं एकच शब्द म्हणत होती,
मण्यार, मण्यार.

मी बाटली ट्यूबलाइटखाली फिरवली.
पट्टे मानेपासूनच सुरू झालेले, शेपटीकडे विरत गेलेले.
मण्यारीचे मान सोडून सुरू होतात,
जोडीजोडीनं, शेपटीपर्यंत ठसठशीत.
एका कंपनीच्या कॅलेंडरवर वाचलं होतं.
कवड्या वाटतोय, मी म्हणालो.
पण "वाटतोय" या शब्दावर
कुणी कुणाला झोपायला पाठवत नाही.

क्रेटच्या पिकअपमध्ये सोनजीला आडवा घातला.
म्हसरूळ मागे पडलं तरी तो बोलत होता,
उरलेल्या चार ओळींच्या छाटणीबद्दल.
त्र्यंबक नाक्यावर सिव्हिलच्या आवारात
गळक्या नळाखाली एक बेडूक बसला होता.
रात्रभर मी त्याच्याकडे बघितलं
आणि हिरकणनं माझ्याकडे.

सकाळी सोनजीनं चहा मागितला.
डॉक्टर म्हणाले, विषाचं काहीच दिसत नाही, न्या घरी.

बाटली तिच्या मांडीवरच होती.
"मग हा मण्यारीचे कपडे घालून कशाला फिरत होता?"
जीव वाचावा म्हणून, मी म्हणालो.
तिनं शर्टाची बाही खाली ओढली.
बराच वेळ कुणी काही बोललं नाही.

रिकामी बाटली भोक पाडून पुरावी,
असं लेबलावरच छापलेलं असतं.
आम्ही भरलेली पुरली. बांधावर, रुईच्या बुडाशी.

काल दुपारी एक नारिंगी फुलपाखरू दुकानात शिरलं,
लाल त्रिकोणाच्या खोक्यावर टेकलं,
पंख मिटले, उघडले.
कडवा की चांदवा, हे मागच्या पंखावरचे
काळे ठिपके मोजले की कळतं.
मला मोजता येतात.
"तेच खोकं काढा," गिऱ्हाईक म्हणालं.
म्हटलं, थांबा जरा.